खाटेशेजारच्या खुर्चीत बसणाऱ्यांसाठी

प्रति,
रुग्णालयांचे अधीक्षक, परिचर्या विभागांचे प्रमुख आणि संसर्ग नियंत्रण समित्यांचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार. रुग्णाजवळ थांबणाऱ्या नातेवाइकांना हवेतून पसरणाऱ्या क्षयापासून, म्हणजे टीबीपासून, कसं जपता येईल याबद्दल हे पत्र आहे.

वडिलांच्या खुब्याचं हाड मोडलं आणि शस्त्रक्रियेसाठी त्यांना दाखल केलं, तेव्हा अकरा दिवस मी आणि माझा धाकटा भाऊ आळीपाळीने त्यांच्या खाटेशेजारी होतो. त्या अकरा दिवसांत आम्हा दोघांना नाव नव्हतं. ‘बारा नंबरचे नातेवाईक कोण?’ अशी दारातून हाक आली की आमच्यापैकी जो असेल तो उठायचा. औषधांची चिठ्ठी घ्यायची, स्ट्रेचरला हात लावून एक्स-रेला न्यायचं, भांडं द्यायचं, कूस बदलायची, रात्री सलाइन संपत आलं की सिस्टरना जाऊन सांगायचं. या कामांबद्दल माझी तक्रार नाही. आपल्या माणसाचं करायला कोण कुरकुरेल?

तेरा नंबरच्या खाटेवर मांडीचं हाड मोडलेले एक वयस्क गृहस्थ होते. त्यांना खोकला होता. रात्री दोनच्या सुमारास उबळ यायची आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायची नाही. ‘जुना आहे, सिगारेटचा आहे,’ असं त्यांच्या पत्नी सांगायच्या. वॉर्ड अस्थिरोगाचा; तिथे येणारे डॉक्टर हाड बघायचे, टाके बघायचे, खोकल्याचं औषध लिहून पुढे जायचे. दोन खाटांच्या मध्ये एक खुर्ची मावेल एवढीच जागा होती. वडिलांना गार वारा सोसत नव्हता, म्हणून त्यांच्या डोक्याशी असलेली खिडकी मी रोज रात्री घट्ट लावून घ्यायचो.

सहाव्या दिवशी सकाळी तेरा नंबरजवळ आलेल्या सिस्टरच्या तोंडावर नेहमीपेक्षा वेगळा, जाड मास्क होता. दुपारपर्यंत ती खाट रिकामी झाली, पुसून निघाली, नवी चादर आली. ‘त्यांना कुठे हलवलं?’ मी विचारलं. ‘दुसऱ्या वॉर्डात,’ उत्तर मिळालं. पुढच्या पाच रात्री आम्ही तिथेच काढल्या. खिडकी लावलेलीच होती.

साडेतीन महिन्यांनी भावाला संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला. पट्टा एक भोक आत गेला. खोकला तीन आठवडे झाला तरी हटेना, तेव्हा तपासणी झाली. फुप्फुसाचा क्षय निघाला. डॉक्टरांनी विचारलं, ‘घरात, शेजारी, कामावर कुणाला टीबी आहे का?’ आम्ही नाही म्हणालो. घरी परतताना मला तेरा नंबरची खाट आठवली.

भावाला संसर्ग तिथेच झाला, असं मी म्हणत नाही. क्षयाचे जंतू शरीरात वर्षानुवर्षं मुक्काम करून मग डोकं वर काढू शकतात, हे मला आता माहीत आहे. त्या गृहस्थांना क्षयच होता की आणखी काही, हेही आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. त्या रुग्णालयाविरुद्ध हे पत्र नाही, म्हणूनच त्याचं नाव इथे नाही. मी लिहितो आहे ते वेगळ्याच गोष्टीसाठी. समजा, तिथल्या कुणाला आम्हाला कळवावंसं वाटलं असतं, तरी त्यांनी कळवलं कसं असतं? रुग्णांची नावं केसपेपरवर होती. परिचारिका, वॉर्डबॉय, निवासी डॉक्टर यांची नावं ड्यूटीच्या तक्त्यावर होती. आमच्या हातातल्या पासवर वडिलांचं नाव होतं, वॉर्ड होता, खाटेचा क्रमांक होता. आमचं नाव नव्हतं. तोच एक पास आम्ही दोघे भाऊ संध्याकाळी दारात एकमेकांना द्यायचो. अकरा दिवस त्या हवेत श्वास घेतलेली दोन माणसं रुग्णालयाच्या कुठल्याही कागदावर नव्हती.

गेल्या काही महिन्यांत मी या आजाराबद्दल जे काही वाचता आणि विचारता आलं, ते वाचलं, विचारलं. सगळ्यात जास्त बोचलं ते हे, की आम्ही काळजी घेत नव्हतो असं नाही. चुकीच्या गोष्टींची घेत होतो. खाटेच्या कडा जंतुनाशकाने पुसत होतो. भांडी वेगळी ठेवत होतो, तास-तासाला हात धुत होतो. हात धुणं चांगलंच. जखमेतले आणि पोटातले कितीतरी संसर्ग त्याने टळतात. पण क्षय हाताने पसरत नाही. भांड्यांनी, कपड्यांनी, संडासाच्या भांड्याने, हात हातात घेतल्याने पसरत नाही. तो पसरतो हवेतून. फुप्फुसाचा किंवा स्वरयंत्राचा क्षय असलेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो, तेव्हा जे तुषार उडतात त्यातले मोठे थेंब खाली पडतात. बारीक थेंब हवेतच सुकतात आणि त्यांचे एक ते पाच मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण उरतात. हे कण इतके हलके असतात, की बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदी टोकापर्यंत पोचतात. खोकणारा माणूस खोलीतून निघून गेला तरी त्याचा खोकला काही काळ तिथे असतो. भांडी वेगळी ठेवून खिडकी लावून घेणारा मी नेमकं उलटं करत होतो, आणि मला थांबवणारं तिथे कुणी नव्हतं.

हे काही नवं ज्ञान नाही, म्हणून जास्त वाईट वाटतं. १९५०च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोर इथे रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयरुग्णांच्या एका छोट्या वॉर्डातली हवा नळांवाटे वरच्या मजल्यावर नेऊन तिथे ठेवलेल्या गिनीपिगांना दिली. गिनीपिगांनी रुग्णांना पाहिलंसुद्धा नव्हतं, दोघांमध्ये होती ती निव्वळ हवा. तरी त्यांना क्षयाची लागण झाली. तीच हवा अतिनील किरणांमधून नेऊन ज्या गिनीपिगांना दिली, ते वाचले. याच कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली: सगळे रुग्ण सारखे पसरवत नाहीत. मोजक्या काही रुग्णांकडूनच बहुतेक लागण झाली होती, आणि ज्यांना योग्य औषधं सुरू झाली होती त्यांच्याकडून फारच कमी.

या शेवटच्या वाक्यापाशी मला थोडं थांबायचं आहे. सोबतीला येणाऱ्या माणसाच्या मनात भीती असते ती ‘टीबी’ या नावाची. ज्याच्या कागदावर ते नाव लिहिलंय त्याच्यापासून तो चार हात लांब राहतो, त्याच्या बायकामुलांशीही बोलत नाही. आणि ज्याच्या खोकल्याला अजून नाव मिळालेलं नाही, त्याच्या शेजारी खुर्ची टाकून रात्र काढतो. खरं तर निदान होऊन लागू पडणारी औषधं सुरू झालेल्या माणसाकडून संसर्ग पसरण्याचं प्रमाण फार लवकर खाली येतं. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयात नेहमीची औषधं चालत नाहीत, म्हणून तिथे जंतूंचा प्रकार ओळखणं महत्त्वाचं. ज्याला फक्त मणक्याचा, गाठींचा किंवा हाडाचा क्षय आहे, त्याच्या शेजारी बसल्याने तर सहसा संसर्ग होतच नाही. हवेतल्या संसर्गाचा मोठा धोका असतो तो अजून न ओळखलेल्या, अजून औषध न मिळालेल्या खोकल्याचा. मग तो खोकला छातीच्या वॉर्डात असो, हाडांच्या असो, बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत असो, नाहीतर सोबत आलेल्या नातेवाइकाच्या स्वतःच्या छातीत असो. म्हणून सोबत्यांना शिकवायचं असेल तर आजाराच्या नावाला घाबरायला शिकवू नका, खोकला ओळखायला शिकवा. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, कारण नसताना उतरलेलं वजन, बेडक्यातून पडलेलं रक्त. यातलं काही स्वतःत दिसो वा शेजारच्या खाटेवर, सिस्टरना सांगायचं, आणि त्यांनी ते हसण्यावारी न्यायचं नाही.

दरवर्षी २४ मार्चला, म्हणजे रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली ज्या दिवशी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं त्या दिवशी, रुग्णालयांच्या प्रवेशद्वारांवर फलक लागतात, भाषणं होतात. फलक काही दिवसांनी उतरतात. जे टिकून राहतात, ते बहुधा जिन्याच्या वळणावर किंवा उघड्या दाराआड असतात. त्यांवर ‘श्वसनविषयक स्वच्छता पाळा’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. दोन रात्री न झोपलेला, हातात तीन चिठ्ठ्या धरून रक्तपेढीचा रस्ता शोधणारा माणूस हे वाचत नाही. वाचलं तरी त्याला त्यातून काय करायचं हे कळत नाही. आणि ज्याला वाचता येत नाही, त्याचं काय? दिवसा कुणी काही समजावलं असेलच, तर ते दिवसाच्या माणसाला. रात्री येणारा दुसराच असतो, आणि कमी वारा, लावलेल्या खिडक्या, जवळ ओढलेल्या खुर्च्या हे सगळं रात्रीचंच असतं.

म्हणून माझी विनंती अशी की हे तोंडी सांगा, आणि पास हातात देताना सांगा. त्या क्षणी माणूस समोर उभा असतो आणि ऐकत असतो, कारण त्याला आत जायचं असतं. दोन मिनिटं पुरतील. भाषा कशी असावी म्हणाल, तर मला कुणी असं सांगितलं असतं तर मी जन्मभर विसरलो नसतो: “या वॉर्डात कुणाला खोकल्यातून पसरणारा आजार असू शकतो, आणि तो आम्हालाही अजून माहीत नसेल. खिडकी उघडी ठेवा. रुग्णाला गार लागत असेल तर पांघरूण मागा, आम्ही देऊ, पण खिडकी लावू नका. तुमची खुर्ची खिडकीच्या बाजूला ठेवा, म्हणजे बाहेरची हवा आधी तुमच्याकडे येईल. कुणी फार खोकत असेल तर आम्हाला येऊन सांगा, चुगली केल्यासारखं वाटून घेऊ नका. तुम्हाला स्वतःला खोकला असेल तर आत्ताच सांगा, तपासून घेऊ, आणि तोवर तुमच्या रुग्णाजवळ कोण थांबणार ते आपण मिळून ठरवू.” (वारा आतून बाहेर वाहत असेल तर खुर्चीची जागा बदलावी लागेल, ते त्या-त्या वॉर्डात उभं राहून सिस्टरनीच ठरवायचं.)

खिडकीवर मी एवढा भर देतो आहे, कारण तिच्यासाठी यंत्र लागत नाही. पेरूची राजधानी लिमा इथल्या रुग्णालयांत झालेला आणि २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. दारं-खिडक्या पूर्ण उघडल्यावर तिथल्या खोल्यांमधली हवा तासाला साधारण २८ वेळा बदलत होती. क्षयरुग्णांसाठीच्या यांत्रिक वायुवीजनाच्या, म्हणजे यंत्राने हवा खेळती ठेवलेल्या, खोल्यांमध्ये तासाला १२ वेळा हवा बदलावी, अशी अपेक्षा असते. आणि उंच छतांच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती नव्या इमारतींहून सरस निघाल्या. नवे वॉर्ड बांधताना, जुन्यांची डागडुजी करताना, खिडक्या कायमच्या बंद करून वातानुकूलन बसवताना हा आकडा समोर असू द्या. कडाक्याच्या थंडीच्या ठिकाणी खिडकीचा उपाय अपुरा पडेल. तिथे यांत्रिक वायुवीजन किंवा छतालगत लावलेले अतिनील दिवे हवेत.

मास्कबद्दलही गोंधळ फार आहे. साधा, कानाला अडकवायचा सर्जिकल मास्क खोकणाऱ्याच्या तोंडावर उपयोगी पडतो, कारण तो तुषार उगमापाशीच अडवतो. दक्षिण आफ्रिकेत औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या रुग्णांवर झालेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रुग्णांनी एक दिवसाआड असे मास्क लावले. बिनमास्कच्या दिवसांतली वॉर्डातली हवा ज्या ९० गिनीपिगांना मिळाली त्यांतल्या ६९ जणांना लागण झाली. मास्कच्या दिवसांतली हवा मिळालेल्या ९० जणांत ती संख्या ३६ होती. शेजारी बसलेल्याला मात्र तोच सर्जिकल मास्क पुरेसं संरक्षण देत नाही. कडेच्या फटींतून हवा आत येतेच. त्याला एन-९५ प्रकारचा, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क लागतो. सहाव्या दिवशी त्या सिस्टरच्या तोंडावर होता तो बहुधा हाच. त्यांनी तो घातला हे योग्यच केलं, त्यांनाही घर आहे, मुलं आहेत. पण त्या खाटेपाशी त्या दिवसभरात दहा-पंधरा वेळा येणार होत्या. आमची खुर्ची तिथून हातभर अंतरावर होती, चोवीस तास.

इथे मला बेडक्याच्या नमुन्याबद्दलही सांगायलाच हवं. पुढे भावाच्या तपासण्यांच्या वेळी हातात डबी ठेवून ‘बाथरूममध्ये जाऊन बेडका काढून आणा’ असं आम्हाला सांगण्यात आलं. बंद, बिनखिडकीची, सगळ्या मजल्यावरच्या माणसांनी वापरायची ती खोली. बेडका काढायचा म्हणजे मुद्दाम जोरजोरात खोकायचं. अशक्त माणसाला धरून उभा राहणारा सोबतीही त्याच खोलीत, आणि पाच मिनिटांनी आत जाणारा माणूस भलताच कुणी. हे काम उघड्यावर, गच्चीत, आवारातल्या मोकळ्या कोपऱ्यात, इतरांपासून दूर व्हायला हवं. रुग्णाला तिथवर चालता येत नसेल तर चाकांची खुर्ची हवी. यात खर्च जवळजवळ नाहीच. नमुन्याची डबी देणाऱ्या माणसाने एक वाक्य बदलायचं आहे.

हे सगळं वाचून तुमच्यापैकी कुणी म्हणेल, की नातेवाइकांची गर्दी हीच मुळात अडचण आहे, ती कमी केली की प्रश्न सुटेल. गर्दी कमी व्हावी, हे मलाही मान्य आहे. एका रुग्णामागे चार-चार माणसं बसलेली मीही पाहिली आहेत. पण जो एक जण उरतो, तो गर्दी नसतो. तो रात्रपाळीचा बिनपगारी कर्मचारी असतो. तो नसला तर भांडं कोण देणार, कूस कोण बदलणार, हे तुम्हालाही माहीत आहे. तुमच्याकडे माणसं कमी आहेत, परिचारिकांवर किती खाटांचा भार आहे, हे अकरा दिवस डोळ्यांनी बघितल्यावर मी त्यांना दोष देऊच शकत नाही. उलट माझं म्हणणं त्याच्याच जोरावर आहे: ज्याच्याकडून कर्मचाऱ्याचं काम करून घेता, त्याला कर्मचाऱ्याएवढी माहिती आणि कर्मचाऱ्याएवढाच मास्क द्यायला हवा.

दक्षिण कोरियाने ही गोष्ट फार महागात शिकली. २०१५च्या मे महिन्यात मध्यपूर्वेतून परतलेल्या एका माणसाला मर्स हा श्वसनाचा आजार असल्याचं निदान झालं. पुढच्या काही आठवड्यांत त्याच्यासह १८६ जणांना लागण झाली, त्यातले ३८ दगावले. लागण जवळजवळ सगळी रुग्णालयांतच झाली. एका मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन कक्षात एकाच रुग्णाकडून तीन दिवसांत ८२ जणांना लागण झाली. आणि या १८६ मधले सुमारे एक तृतीयांश लोक रुग्णही नव्हते, डॉक्टर-परिचारिकाही नव्हते. ते रुग्णांजवळ बसायला, भेटायला आलेले घरचे लोक होते. त्या साथीनंतर तिथे भेटीगाठींवर निर्बंध आले आणि नातेवाइकांऐवजी रुग्णालयाच्याच परिचारिकांनी सगळी सेवा करण्याच्या योजनेला वेग आला. मर्सची साथ अशी काही आठवड्यांत डोळ्यांत भरते. क्षय सावकाश येतो, महिन्यांनी, वर्षांनी, दुसऱ्याच गावात, दुसऱ्याच डॉक्टरकडे. त्यामुळे खुर्चीत बसलेल्या माणसाचा आजार वॉर्डाच्या हिशेबात कधी येतच नाही. २०२३ या एका वर्षात जगभरात सुमारे १ कोटी ८ लाख माणसं क्षयाने आजारी पडली आणि साडेबारा लाख मेली. यातली किती जण कुणाच्या तरी खाटेशेजारी बसलेली होती, हे मोजायला त्यांची नोंद असावी लागते.

म्हणून पुन्हा त्या पासकडे येतो. त्यावर दोन रकाने वाढवा: थांबणाऱ्याचं नाव आणि त्याचा फोन क्रमांक. रात्री माणूस बदलला तर दुसरी ओळ. वॉर्डात एखाद्याला संसर्गजन्य क्षय असल्याचं पुढे कळलं, तर त्या दिवसांत आसपास कोण होतं, हे मग पाहता येईल.

आता यातली खरी अडचण. शेजारच्याचा आजार आम्हाला सांगणं म्हणजे त्याची गुप्तता मोडणं. या आजाराचा शिक्का लागलेल्या माणसाचं काय होतं, हे भावाच्या निमित्ताने मी जवळून पाहिलं आहे. कामावरच्या लोकांनी त्याच्या शेजारची जागा सोडली, आणि एका जवळच्या घरात त्याला ‘सध्या येऊ नकोस’ असं सांगितलं गेलं, औषधं सुरू होऊन दोन महिने झाल्यावर. तेरा नंबरच्या गृहस्थांचं नाव कुणी मला सांगितलं असतं, तर कदाचित मीही त्यांच्या पत्नीशी तसाच वागलो असतो. म्हणून नाव सांगू नका. खाटेचा क्रमांकही नको. एवढाच फोन करा: “तुम्ही अमुक तारखांना आमच्याकडे रुग्णाजवळ होतात. त्या दिवसांत हवेतून पसरणाऱ्या क्षयाशी तुमचा संपर्क आला असण्याची शक्यता आहे. घाबरू नका, पण तपासणीला या.” यात कुणाची बेअब्रू होत नाही आणि समोरच्याला हवं ते सगळं कळतं.

त्या फोनवर आणखी काही गोष्टी सांगाव्या लागतील, कारण ऐकणाऱ्याच्या मनात पहिली गोष्ट येईल ती मरणाची. जंतू शरीरात जाणं आणि आजारी पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लागण झालेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोक आयुष्यात कधीतरी आजारी पडतात, आणि हा धोका लागणीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त असतो. पाच वर्षांखालची मुलं, एचआयव्ही असलेले, कुपोषित, मधुमेही, प्रतिकारशक्ती दडपणारी औषधं घेणारे यांना तो अधिक. लागण झाली की नाही हे त्वचेच्या किंवा रक्ताच्या चाचणीत लगेच उमटत नाही, काही आठवडे जावे लागतात. म्हणून पहिली चाचणी कोरी आली तरी साधारण दोन महिन्यांनी ती पुन्हा करायची. आजार नसेल पण लागण असेल, तर तो होऊ नये म्हणून औषधं आहेत. त्यातल्या एका पद्धतीत तीन महिने आठवड्यातून एकदाच गोळ्या घ्याव्या लागतात. आणि आजार झालाच, तरी नेहमीचा क्षय साधारण सहा महिन्यांच्या नियमित औषधांनी पूर्ण बरा होतो.

भावाची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. त्याच्या मांडीवर बसून जेवणारी, त्याच्याच कुशीत झोपणारी. त्याचं निदान झालं त्या दिवशी डॉक्टरांनी पहिला प्रश्न तिच्याबद्दल विचारला. तिची तपासणी झाली, आजार नव्हता, प्रतिबंधक औषधं सुरू झाली. इतक्या लहान मुलांमध्ये हा आजार मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो, हे मला त्या खोलीत बसल्यावर कळलं. आम्हाला साडेतीन महिने आधी एक फोन आला असता, तर भावाची तपासणी ताप येण्याआधी झाली असती. या पत्रात मी जिथे-जिथे कठोर बोललो असेन, तिथे त्या मुलीचा चेहरा माझ्यासमोर आहे, एवढं समजून घ्या.

खोकला असलेल्या सोबत्याबद्दल एक शब्द. त्याला दारात अडवून हाकलू नका. हाकलतात हे कळलं की पुढचा माणूस खोकला दाबून आत जाईल. त्याला मास्क द्या, त्याच दिवशी त्याचा बेडका तपासा; जंतूंची जनुकीय चाचणी काही तासांत उत्तर देते. त्याच्या रुग्णाजवळ तोवर कोण, हा प्रश्न त्याच्या एकट्यावर टाकू नका. एकटाच मुलगा, एकटीच पत्नी अशी घरं पुष्कळ असतात.

आणि ज्या सिस्टरनी आम्हाला ‘दुसऱ्या वॉर्डात’ एवढंच सांगितलं, त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. वडिलांना उठवून बसवताना त्यांनी जसा हात दिला, तसा मला अजून देता येत नाही. आणखी काय सांगायचं, कुणी सांगायचं, किती सांगायचं, हे त्यांना कुणी ठरवून दिलेलं नसणार. ते ठरवून देणं तुमच्या हातात आहे.

वडील आता काठी घेऊन अंगणापर्यंत जातात. भावाची औषधं गेल्या महिन्यात संपली, शेवटचा बेडका स्वच्छ आला. आम्ही दोघांनी एक ठरवलं आहे, ते तुमच्यापुढे ठेवतो. जे रुग्णालय परवानगी देईल, तिथे आठवड्यातून एक संध्याकाळ, सोबतीची माणसं बदलण्याच्या वेळेला, आम्ही वॉर्डाच्या दारापाशी उभे राहू आणि रात्री थांबायला येणाऱ्यांशी बोलू. काय बोलायचं ते तुमच्या डॉक्टरांनी आधी तपासून द्यावं, म्हणजे आमच्या तोंडून चुकीचं काही जाणार नाही. भाऊ म्हणतो, खिडकीचं मी सांगेन.

तुमच्या उत्तराची वाट पाहतो आहे.

आपला नम्र,
एका रुग्णाचा मुलगा आणि दुसऱ्याचा भाऊ